दासगावच्या बंदरावर

ईदच्या तिसऱ्या दिवशी आम्ही उभयता वीर स्टेशनवर उतरलो आणि रिक्षाने दासगावला पोहोचलो. महाडला चवदार तळ्यावरची 20 मार्चची गर्दी नुकतीच ओसरली होती. शिरखुर्म्यासाठी आम्ही दरवर्षी येतो, पण या वेळी दुल्हाभाईंनी मुद्दाम फोन करून बोलावले होते. "पोरीचा विषय आहे. या, बसून बोलू."

पोर म्हणजे आमची भाची. महाडच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. तिला एमएस्सी जर्मनीत करायची आहे. दुल्हाभाईंनी कुवेतमध्ये बावीस वर्षे काढली. परदेश त्यांना नवा नाही, त्यांना नवे वाटते ते वेगळेच. "आम्ही कमवायला गेलो. ही पैसे घेऊन चाललीय," असे ते म्हणाले आणि पान लावायला लागले.

जोहरनंतर भाची म्हणाली, "मामू, मुमानी, चला बंदरावर." दुपारचे ऊन होते, तरी गेलो.

आज बंदर म्हणावे असे तिथे फारसे काही नाही. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्या गाड्यांना तर दासगाव दिसतही नाही. पण रस्ते आणि रेल्वे नव्हती तेव्हा हा महाडचा दरवाजा होता. बाणकोटच्या मुखातून सावित्रीत शिरलेली भरती इथवर चढते, आणि तिच्या जोरावर मुंबईची आगबोट इथे लागायची. आपली माणसे याच खाडीने मुंबईला गेली, तिथून कोणी आफ्रिकेला, केपटाउनला आणि पुढच्या काळात आखातात. कोकणातल्या मुसलमानाला परदेश कसा गाठायचा हे कोणी शिकवायला नको. शिकण्यासाठी कसा गाठायचा, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक.

याच धक्क्यावर 25 डिसेंबर 1927 रोजी 'पद्मावती' बोटीतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उतरले. बरोबर मुंबईहून आलेले सुमारे दोनशे प्रतिनिधी होते. महाड इथून पाच मैल. तिथे सत्याग्रह परिषद भरायची होती आणि तिला जागा द्यायला कोणी तयार नव्हते. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. आपल्या घरांत ही गोष्ट मुलांना सांगतात की नाही, कोण जाणे. भाचीला ती कॉलेजात कळली, घरात नाही.

परिषदेच्या तयारीत पुढे होते ते रामचंद्र बाबाजी मोरे, याच भागातले. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही त्यांना महाडच्या इंग्रजी शाळेत जात पाहून प्रवेश नाकारला गेला. पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिले, तेव्हा दार उघडले. त्या मुलासाठी पाच मैलांवरचे महाडच परदेश होते.

बोटीतून उतरलेल्या त्या माणसाच्या शिक्षणाचा हिशोब आम्ही भाचीला तिथेच उभ्या उभ्या सांगितला, कारण 'बाबासाहेब परदेशात शिकले' एवढे एक वाक्य सगळ्यांना पाठ असते आणि ते कसे शिकले हे कोणी विचारत नाही. आधी त्यांनी मुंबईत एल्फिन्स्टनमधून बीए केले. मग 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. पैसा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा: महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात करार, परत येऊन बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी. 1916 मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण कोलंबियाचा एमए असलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना. खोलीसाठी वणवण म्हणजे काय, हे मुंबई-पुण्यात घर शोधणाऱ्या आपल्या मुलांना समजावून सांगावे लागणार नाही. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांनी मदत केली आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अर्थशास्त्रातली डीएस्सी 1923 ची. दहा वर्षांत दोन खेपा.

"म्हणजे एका दमात नाही झालं," भाची म्हणाली.

नाही झाले. आणि त्यात चूक अशी कोणतीच नव्हती.

घरी आलो तर आपाने दुसरा विषय काढला. धाकट्याचे नीटमध्ये गुण कमी आले आहेत आणि एक एजंट त्याला परदेशात एमबीबीएसची जागा देतो म्हणतो. आगाऊ रक्कम सोमवारपर्यंत, पावती नंतर. यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. नीट पास असल्याशिवाय बाहेरच्या पदवीला इथे किंमत नाही. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजीतून आणि त्याच देशात वर्षभर इंटर्नशिपसह हवा, हे 2021 चे नियम आहेत. परत आल्यावरची परीक्षा वेगळीच. तिच्यात चारातला एक पास झाला तरी पुष्कळ. देण्याघेण्याचा करार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हा तर कुरआनचा हुकूम. जो लिहून द्यायला तयार नाही त्याला ईदचा चहा पाजा आणि वाटेला लावा. दुल्हाभाई हसले. एजंटचा नंबर त्यांनी पोराच्याच हातून काढून टाकायला लावला.

भाचीचे प्रकरण तसे नव्हते. तिने वहीच भरली होती. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. कागदपत्रांच्या तपासणीचा एपीएस दाखला लागतो. खरा डोंगर पुढे आहे. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो तिथल्या बंद खात्यात आधी दाखवावे लागतात, आजच्या भावाने बारा लाखांच्या आसपास. ते पैसे आपलेच राहतात, महिन्याला 992 युरो हातात येतात, पण आधी एकरकमी उभे करायचे.

दुल्हाभाईंकडे तेवढी रक्कम आहे. ती ठेवली आहे घरासाठी. जुलै 2005 मध्ये दासगावावर दरड कोसळली, जुई, रोहन, कोंडिवते ही शेजारची गावेही त्याच पावसात गाडली गेली. आपाच्या घराला त्या वेळी काही झाले नाही, अल्हम्दुलिल्लाह, पण घर उताराला आहे. पावसाळ्यात ती रात्रभर दिवा लावून बसते. सपाटीवर जागा घेऊन बांधायचे, हे वीस वर्षांचे ठरलेले.

बँकेचे शैक्षणिक कर्ज मिळेल, पण व्याजाचे काय, हे आपाने विचारले. नाइलाजाला सूट देणारे उलमा आहेत, न देणारेही आहेत. आम्ही मुफ्ती नाही, स्थानिक आलिमांना विचारा म्हणालो. मौलाना आझाद महामंडळाची अल्प व्याजाची योजना आहे, तिथेही व्याज आहेच. कर्ज-ए-हसना म्हणून भावंडांत मिळून काही जमेल का, हेही बोलणे झाले, आणि आमचा वाटा आम्ही तिथेच सांगितला. सगळे मिळून पाच लाखांच्या पुढे जात नव्हते.

मग आपा जे मनात होते ते बोलली. "मुलगी एकटी जाणार?" आम्ही अतिया फैजींचे नाव काढले. जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम नाझली यांची ती बहीण. 1906 मध्ये शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेली, तब्येतीमुळे अभ्यास पुरा न करता वर्षभरात परतली, आणि तिथली रोजनिशी उर्दूत छापून आली, 'जमाना-ए-तहसील'. आपल्याच जिल्ह्याशी नाते असलेली बाई, शंभरावर वर्षांपूर्वी. खाडीच्या खालच्या अंगाला आंबेतचे अंतुले लिंकन्स इनचे बॅरिस्टर झाले, हे दुल्हाभाईंनी स्वतःहून जोडले. इल्मासाठी चीनपर्यंत जा, ही हदीसही निघाली. मुहद्दिसांनी ती जईफ ठरवली आहे, हे आम्ही सांगितले. इल्म फर्ज असल्याची रिवायत वेगळी आहे आणि तेवढी पुरे.

आपाचे समाधान झाले असे नाही. तिने विचारले, त्या गावात मस्जिद आहे का, मुलींचे वसतिगृह आहे का, आणि तिथली कोणी मुलगी फोनवर बोलेल का. तिघांचीही उत्तरे भाचीने आठवडाभरात आणायची ठरली.

आमचे मत आम्ही सांगितले. एप्रिलची परीक्षा आधी. जर्मन भाषेचा वर्ग आजपासून. अर्ज या वर्षीच करावा, पण हाताला नकार लागला किंवा पैसा जमला नाही तर लोणेरे-मुंबईकडे एमएस्सीसाठी किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत वर्ष काढावे, थोडे साठवावे आणि पुन्हा अर्ज करावा. भाचीला हे पटले नाही. तिला या वर्षीच जायचे आहे. तिच्या वयाला तेच शोभते.

मगरिबनंतर दुल्हाभाईंनी कुवेतची जुनी वही काढली. एका पानावर जागेचा भाव लिहिला, समोरच्या पानावर युरोचा, आणि बराच वेळ नुसते बघत बसले. "यंदा पाऊस लवकर म्हणतायत का?" त्यांनी आपाला विचारले.

दुसऱ्या दिवशी वीरला आम्हाला सोडायला भाची आली होती. रिक्षात तिने जर्मन आकडे मोजून दाखवले, वीसपर्यंत. दुल्हाभाईंचा फोन अजून आलेला नाही.