माझी मी येईन

केडगाव, ता. दौंड

प्रिय सोन्या,


गावच्या यात्रा कमिटीत तुला घेतलं आणि जत्रेची वेबसाइटही तुझ्याकडेच दिली, हे ताईने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या महागणपतीला लोटणाऱ्या गर्दीपुढे आपली जत्रा लहान. लहान आहे म्हणूनच ती बदलणं तुमच्या हातात आहे. मांडव उभा राहिला की कोणी कोणाचं ऐकत नाही, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

तू पाठवलेली साइट मी टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, लावून उघडली. वरच कार्यक्रमपत्रिकेचं पोस्टर आहे म्हणे. माझा फोन त्यावर ‘इमेज’ एवढंच बोलतो आणि पुढे सरकतो. छबिना किती वाजता, कुस्त्या कोणत्या दिवशी, महाप्रसाद कुठे, सगळं त्या चित्रात अडकलंय. खालची पीडीएफ जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. युनिकोड नसल्यामुळे देवाच्या नावाच्या जागी फोन इंग्रजी अक्षरांची भेळ वाचतो. वर्गणी भरायला गेले तर चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायला सांगतात. तिथे माझी वाट बंद. मग शेजारच्या कोणाला तरी बोलवायचं आणि आपल्या बँकेचं सगळं त्याच्यापुढे उघडं करायचं.

दुरुस्ती अवघड नाही. पोस्टर राहू दे, पण तोच मजकूर त्याच्याखाली युनिकोडमध्ये टाइप कर. फोटोला ‘फोटो 1’ नको. ‘पालखी वेशीत, पुढे हलगीवाले’ असं लिही. भगव्यावर पिवळी अक्षरं काढून टाक. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडात किमान 4.5 ला 1 एवढा फरक हवा, असा जगभर मानलेला निकष आहे. भर उन्हात फोन बघणाऱ्या प्रत्येकालाच त्याचा उपयोग होईल. आणि एक पान असं कर, ज्यावर एसटी थांब्यापासून देऊळ किती लांब, पायऱ्या किती, व्हीलचेअर कोणत्या दाराने जाते, अपंगांना वापरता येईल असं शौचालय कुठे, अडलं तर फोन कोणाला, एवढं स्पष्ट असेल. जायचं की नाही हे आम्ही त्यावरून घरीच ठरवतो.

आता देवळाचं. पायऱ्यांचा विषय काढलास की बैठकीत कोणीतरी म्हणेल, “चार पोरं उचलून नेतील की.” ते मायेनेच म्हणतात, मला माहीत आहे. पण खुर्चीसकट उचलला जाणारा माणूस मोठा बाप्या असतो. सगळा गाव त्याच्याकडे बघत असतो. खाली कधी उतरायचं हेही त्याच्या हातात नसतं. पोरं सापडतील तेव्हा उतरायचं. म्हणून अशी माणसं दर्शन झालं की घर गाठतात, रात्रीच्या तमाशाला थांबत नाहीत. दरवर्षी हे होतं आणि आपण त्याला सेवा म्हणतो. मला ते पटत नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांब, कठडे असलेला उतार मंडपवाला स्टेजच्याच प्लायवुडने करून देईल. दर्शनरांगेच्या दोन बांबूंमधून व्हीलचेअर जाईल एवढी जागा सोडा, जनरेटरच्या वायरी वाटेत आडव्या टाकू नका. बैलगाड्यांच्या घाटावर सेकंद दाखवायला एलईडी स्क्रीन लावताच. माइकवरच्या सूचना त्यावर लिहूनही दाखवा, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांना कळतील.

कोणी म्हणालं, हे सरकारी कचेऱ्यांसाठी असतं, तर सांग: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक सेवांच्या व्याख्येत धार्मिक आणि सांस्कृतिक सेवाही येतात. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचेच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्याच न्यायालयाने 30 एप्रिल 2025 ला म्हटलं.

आणि हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. मी राहते त्या केडगावात पंडिता रमाबाईंनी दुष्काळात होरपळलेल्या बायका-मुलींसाठी मुक्ती सदन उभं केलं. त्यांच्या लेकीने, मनोरमाबाईंनी, अमेरिकेत ब्रेल शिकून इथल्या अंध मुलींना ती शिकवली. शंभरावर वर्षं झाली त्याला. त्या मुलींना कोणी वाचून दाखवेल यावर रमाबाई थांबल्या नाहीत. त्यांना स्वतः वाचता यावं याची सोय त्यांनी केली. एवढंच मी तुमच्याकडे मागते आहे.

दिव्यांगांवर ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के खर्च करावे लागतात, त्यामुळे गावातल्या दिव्यांगांची यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे मिळेल. ती घे आणि घरोघर जा. काय अडतं ते त्यांनाच विचार, त्यांच्या घरच्यांना नको. त्यांतल्या दोघा-तिघांना कमिटीत घे, आणि जागा त्यांना दाखवल्याशिवाय मांडवाचा एकही खांब रोवू देऊ नकोस.

तुझी,
मावशी