चिंच, वड आणि चक्क्याचीं भुतें

आपल्याकडील भुतांना राहावयास झाडें ठराविकच लागतात. मुंजा पिंपळावर, हडळ चिंचेवर आणि वडाच्या पारंब्यांत कोणी ना कोणी समंध, अशी त्यांची वांटणी आपल्या आज्यांनीं आपणांस लहानपणींच पढवून ठेवलेली असते. या हिशेबानें पाहिलें तर पवनेच्या कांठच्या जोडशहराइतकें भुतांच्या सोयीचें ठिकाण दुसरें नसावें. चिंचवडाच्या नांवांत चिंच आहे आणि वडही आहे. पिंपरी हें तर पिंपळाच्याच गणगोतांतलें एक झाड. असें असूनही या शहरांत भुताला पाय ठेवावयास जागा नाहीं, कारण येथें रात्रच होत नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. पुढें आकुर्डी-भोसरीकडे मोटारींचे, स्कूटरींचे, यंत्रांचे कारखाने उभे राहिले. १९८२ सालीं महानगरपालिका झाली. आणि कारखान्यांची ही रांग इंद्रायणी ओलांडून थेट चाकणपर्यंत गेली. एक पाळी सुटते न सुटते तोंच दुसरी भरते. रस्त्यावर दिवे, आवारांत दिवे, जिन्यांत दिवे. त्यांतूनही एखादें भूत नेटानें आलेंच, तर फाटकावरचा पहारेकरी त्याचें नांव, कोणाकडे जावयाचें तें आणि सदनिकेचा क्रमांक वहींत लिहून घेतल्यावांचून त्याला आंत सोडणार नाहीं!

भुतें गेलीं तरी त्यांचा बंदोबस्त मात्र गेलेला नाहीं. तळेगांव-चाकण रस्त्यावरील मालमोटारींना लिंबू-मिरच्या लोंबत असतात. अर्धवट बांधलेल्या इमारतीवर मिशाळ राक्षसाचा मुखवटा टांगलेला असतो. भोसरीच्या लहानमोठ्या वर्कशॉपांतून दसऱ्याला यंत्रांपुढें कोहळा फुटतो. संगणकाच्या आज्ञेनें चालणारें यंत्र आणि कोहळा यांचें एकमेकांशीं कांहीं वांकडें नाहीं. चाकणास २००९ पासून जर्मन कंपन्यांच्या मोटारीही तयार होतात. त्यांतली एखादी घरीं आली कीं चाकाखालीं लिंबू चिरडल्यावांचून तिचा पहिला फेरा होत नाहीं. अशा भूमींत हॅलोवीन नांवाचा परदेशी भुतांचा सण रुजला, याचें मला तरी फारसें नवल वाटलें नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत येथील मोठ्या गृहसंकुलांतून ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीं मुलें काळे झगे घालून दारोदार खाऊ मागत हिंडतात.

२०२४ च्या दिवाळींत मी माझ्या थोरल्या बहिणीकडे चिंचवडास गेलें होतें. त्या वर्षींच्या माघांत तिचे यजमान गेले. वर्ष सरलेलें नव्हतें, म्हणून दारीं आकाशकंदील नव्हता, अंगणांत किल्ला नव्हता, घरांत कढई चढलेली नव्हती. फराळाचीं ताटें शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून येत होतीं. अशा घरीं माहेरच्या माणसानें जाऊन गोड घास भरवावा, अशी आपली जुनी रीत आहे. तीच मनांत धरून मी लोकलनें चिंचवड स्टेशनवर उतरलें होतें. हातांत दोन किलो म्हशीचें दही होतें. श्रीखंडावर ताईच्या यजमानांचा फार जीव होता, आणि त्याच कारणानें त्या घरीं पाडव्याला किंवा दसऱ्याला श्रीखंड झालेलें नव्हतें, हें मला ठाऊक होतें.

त्या सालीं योग असा आला होता कीं नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच पडली. सकाळीं अभ्यंगस्नान आणि कारीट फोडणें, संध्याकाळीं काळे झगे. ताईचा नातू नऊ वर्षांचा, नात सहा वर्षांची. संकुलांतल्या आयांनीं ठरविलें होतें कीं प्रत्येक घरच्या मुलांनीं एकेक भीतिदायक पदार्थ आपल्या हातानें करून आणावा. मात्र मुलांचा हात विस्तवाजवळ जाऊं नये, म्हणून चूल किंवा भट्टी न लागणाराच करावा. त्यांतला सर्वांत लोकप्रिय पदार्थ म्हणजे कबरस्तान! पेल्यांत चॉकलेटची खीर, वर कुटलेल्या बिस्किटांची माती, तींत उभीं केलेलीं बिस्किटांचीं थडगीं आणि त्यांमधून डोकावणारीं पांढरीं भुतें.

आतां दुखवट्याच्या घरांत हें चालावें कीं न चालावें? सूनबाईनें भीत भीत विचारलें, "आई, मुलांना नाहीं म्हणून सांगूं का?" शेजघरांत बसलेल्या एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनीं 'विचारण्याची ही गोष्ट आहे का?' अशा अर्थाचा खाकरा काढला. मला मात्र हा प्रश्न वाटतो तितका सोपा वाटेना. दुखवट्याचें वर्ष हें मोठ्यांनीं आपल्या मनासाठीं पाळावयाचें असतें; मुलांच्या वांट्याला त्यांतून नुसतें 'नको' येतें. किल्ला नको, कंदील नको, फटाके नकोत. आजोबा गेले याचा अर्थ मुलांच्या लेखीं एवढाच उरावा, हें मृत माणसाच्या बाबतींतही न्यायाचें नव्हे.

ताई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आपण सण धरीत नाहीं. हा सण आपला नाहींच, तेव्हां धरण्या-न धरण्याचा प्रश्न येत नाहीं. आणि कढई चढवावयाची नाहीं. यांत कढई कोठें आहे?" धर्मशास्त्राचा इतका सुटसुटीत निवाडा मी फार दिवसांनीं ऐकला.

खरें म्हणजे हा सण अगदींच परका आहे असेंही नाहीं. आयर्लंड-स्कॉटलंडकडील जुने लोक पीक घरांत आलें आणि हिंवाळा लागला कीं त्या संधिकाळच्या रात्रीं मेलेलीं माणसें घरीं येतात असें मानीत. पुढें ख्रिस्ती धर्मानें १ नोव्हेंबर सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरविला. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ ती हॅलोवीन. इंग्लंडांत त्या दिवसांत गोरगरीब दारोदार जात, घरवाल्यांच्या मृतांसाठीं प्रार्थना करीत आणि त्याबद्दल त्यांना लहान गोड पोळ्या मिळत. आयरिश लोक सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकांत ते अमेरिकेंत गेले तेव्हां तेथें त्यांना भोपळा सांपडला. (आपला भोपळा मात्र सज्जन. त्यांत बसून म्हातारी लेकीच्या घरून सुखरूप परत येते.) आपल्याकडेही महालयांत आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून दिवाळींत उल्का दाखविण्याचा, म्हणजे पेटतीं चुडें धरण्याचा विधि सांगितलेला आहे. मृतांसाठीं अन्न आणि वाटेसाठीं दिवा, या दोन गोष्टी दोन्हीकडे आहेत. त्यांच्याकडे पुढें मुलांनीं त्याचा खेळ केला. आपल्याकडे तो मोठ्यांकडेच राहिला.

पण थडग्यांवर ताई अडली. "आपल्यांत थडगीं नसतात," ती म्हणाली. नातू लगेच म्हणाला, "मग मोरया गोसावींची समाधि? आणि आळंदीची?" प्रश्न चुकीचा नव्हता. चिंचवडचें सारें जुनें गांव पवनेच्या कांठच्या त्या एका समाधीभोंवतीं वाढलें आहे, आणि ज्ञानेश्वरांनीं १२९६ सालीं जेथें समाधि घेतली तें आळंदी येथून कांहीं कोसांवर आहे. ताई म्हणाली, "तेथें आपण नमस्कार करतों रे. घाबरावयास जात नाहीं. जेथें नमस्कार करावयाचा तें बिस्किटांचें करून खाऊं नये."

यावर तोड निघाली ती आदल्या दिवशींच्या सहलीमुळें. आदल्या दिवशीं माझ्या भाच्यानें दुसरी पाळी भरण्यापूर्वीं मला आणि मुलांना चाकणास नेलें होतें. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल. पुलावर उभें राहिलें कीं वरच्या अंगास देहू आणि खालच्या अंगास आळंदी. पण त्या रस्त्यावर कोणी उभें राहूं देईल तर ना! नाशिककडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग, कामगारांच्या बसगाड्या, कांद्याचीं पोतीं लादलेले टेम्पो. चाकणचा कांद्याचा बाजार कारखान्यांच्या आधींपासून नांवाजलेला, आणि अजूनही कारखान्यांना वाट देत नाहीं. अशा गर्दींतून गांवांत शिरल्यावर एकाएकीं संग्रामदुर्ग दिसतो. भुईकोट, बसका, पडक्या तटांचा. शेजारींच घरें आणि दुकानें. १६६० च्या पावसाळ्यांत फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर माणसांनिशीं शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढें हा किल्ला सुमारें ५५ दिवस लढविला. शेवटीं सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हां तो पडला. नातू त्या ढांसळलेल्या तटाकडे बराच वेळ पाहत राहिला होता.

तोच आतां म्हणाला, "आजी, थडगीं नकोत. संग्रामदुर्ग करतों. पडका किल्ला आहे, तेथें भुतें असणारच." अंगणांत मातीचा किल्ला नव्हता, परातींत बिस्किटांचा झाला तर त्याला कोणी हरकत घेण्यासारखें नव्हतें.

माझें दही या कामीं आलें. रात्रीं तें पंचांत बांधून नळाला टांगलें, तेव्हां अंधारांत तें पांढरें गांठोडें पाहून नात किंचाळली. पुढचें सारें भूतप्रकरण तिच्याच किंकाळींतून निघालें असें म्हणावयास हरकत नाहीं. चक्का हेंच भूत! आठ-दहा तासांत पाणी निथळून घट्ट असा किलोपेक्षां थोडा कमी चक्का झाला. हवा उष्ण असेल तर तो आंबट होतो. अशा वेळीं चाळणींत बांधून, खालीं भांडें ठेवून, फ्रीजमध्यें निथळवावा. श्रीखंडाला आपण साखर बरोबरीनें घालतों, पण साखरेनें चक्का सैल पडतो आणि सैल भूत उभें राहत नाहीं. म्हणून पाऊण किलो चक्क्याला तीनशें ग्रॅमच पिठीसाखर घातली, वेलदोडा घातला, पुरणयंत्रांतून काढला आणि दोन तास पुन्हा थंडींत ठेविला. केशर घातलें नाहीं. पिंवळें भूत कोणी पाहिलें आहे?

चॉकलेटचीं बिस्किटें अर्धा किलो. तीं स्वच्छ पिशवींत घालून मुलांनीं लाटण्यानें कुटलीं. या कामांत मुलांचा उत्साह असा कीं शेजारचे लोक येऊन पाहून गेले. त्यांतला एक वांटा बाजूला ठेवून बाकीच्या भुग्यांत घरचें मऊ लोणी मुठीनें वळे इतकें मिसळलें, आणि परातींत दाबून त्याचा तट, चार बुरूज आणि खंदक केला. एक बुरूज नातवानें मुद्दाम पाडला. कोरडा भुगा वरून पसरला कीं हुबेहूब माती. दुधाच्या पिशवीला कोपऱ्यांत बोटभर छेद देऊन तींत चक्का भरला आणि मुलांनीं दाबून दाबून तटावर भुतें उभीं केलीं: खालीं रुंद, वर निमुळतीं, कांहीं वांकडीं. डोळ्यांना सूनबाई लवंगा लावणार होती. लहान मुलाच्या घशांत लवंग अडकली तर खेळाचें भलतेंच होईल, म्हणून मीं काळ्या मनुकांचे तुकडे लावविले. उरलेला चक्का आणि भुगा सहा पेल्यांत थरांनीं भरला. दोन तास फ्रीजमध्यें ठेवून मग सारें बाहेर काढलें.

भुतें उभीं करीत असतांनाच नातीनें विचारलें, "आजी, आजोबा भूत झाले का ग?"

सूनबाईचा हात थांबला. ताई मात्र मनुका चिरीत होती ती चिरीतच राहिली. "भूत व्हावयाला कांहींतरी राहून जावें लागतें," ती म्हणाली. "मुंजाची सोडमुंज राहिली म्हणून तो पिंपळावर बसला. तुझ्या आजोबांचें सगळें झालें. नोकरी झाली, घर झालें, तुम्ही दोघें झालां." मग थोडें थांबून म्हणाली, "एक श्रीखंड तेवढें राहिलें. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनीं शेवटचीं दोन वर्षें बंद केलें होतें."

"मग हें त्यांना देऊं या," नातू म्हणाला; त्याला यांत कांहीं अवघड वाटलें नाहीं. त्यानें सहांतला एक पेला उचलला, त्यावर सर्वांत मोठें भूत बसविलें आणि फ्रीजच्या वरच्या फळीवर एकीकडे ठेविला. ताईनें पिशवीचें टोक बोटावर पुसलें, तें बोट तोंडांत घातलें आणि म्हणाली, "साखर बेताचीच आहे. एवढी त्यांना चालली असती." माघापासून तिनें श्रीखंड जिभेला लावलें नव्हतें. मला जो घास आग्रह करून भरवावा लागेल असें वाटत होतें, तो असा आपोआप झाला.

संध्याकाळीं परात खालीं गेली. एका सदनिकेंतून कवट्या आल्या होत्या, एकींतून कोळ्यांचें जाळें आलें होतें. कबरस्तानें तर चार होतीं. संग्रामदुर्ग एकच. नातवानें जमलेल्या मुलांना वेढ्याची सारी हकीकत सांगितली. त्यांत शायिस्तेखानाचें सैन्य दर खेपेस वाढत गेलें. पाव तासांत खंदकासकट किल्ला फस्त झाला, आणि अंधार पडल्यावर त्याच मुलांनीं काळ्या झग्यांनिशीं आपापल्या घरच्या पणत्या लावल्या. ताईच्या उंबऱ्याशींही एक पणती होती. ती दुखवट्यांतही लावतात.

रात्रीं साडेअकरानंतर भाचा चाकणहून पाळी संपवून आला. मुलें झोंपलीं होतीं. त्यानें फ्रीज उघडला आणि वरच्या फळीवरचा पेला घेऊन उभ्याउभ्याच संपविला. आम्हां दोघींच्या लक्षांत येईपर्यंत चमचा तळाला लागला होता. "आई, फार दिवसांनीं केलेंत," एवढेंच तो म्हणाला. ताईनें त्याला कांहीं सांगितलें नाहीं.

सकाळीं नातवानें पेला रिकामा पाहिला आणि धांवत आला. भाच्यानें प्रामाणिकपणें, "अरे, मी खाल्लें," म्हणून सांगून टाकलें. मुलाचें तोंड उतरलें. तेव्हां ताई म्हणाली, "त्यांचाच मुलगा ना तो? पोंचलें." नातवानें यावर विचार केला, पण त्याचें पुरतें समाधान झालें नसावें, कारण थोड्या वेळानें तो माझ्याकडे येऊन, एका पेल्याला दही किती लागेल आणि तें आज बांधलें तर उद्यां सकाळपर्यंत निथळेल का, हें विचारूं लागला.