माहुलच्या ओटीवरील तांब्या

गेल्या मार्गशीर्षांतील कृष्णपक्षाच्या एका सायंकाळीं आम्ही भाच्यासह माहुल गांवीं गेलों. पश्चिमेस शिवडीपर्यंत पसरलेला खाडीचा चिखल, त्यांत एका पायावर उभे असलेले रोहित पक्षी, कोळ्यांच्या होड्या, आणि पाठीशीं १९५४-५५ सालीं उभे राहिलेले तेलशुद्धीचे कारखाने, असें हें गांव. एका वृद्ध कोळीणबाईंनीं ओटीवर आमच्यापुढें तांब्याभर पाणी ठेविलें. येथील हवापाण्याविषयींचीं गाऱ्हाणीं कानीं असल्यामुळें आमचा हात अडखळला, आणि तें बाईंच्या लक्षांतहि आलें.

इतक्यांत तुर्भ्याच्या डोंगरावर मृगनक्षत्र दिसूं लागलें. भाचा पदार्थविज्ञान शिकवितो. तो म्हणाला, “मामा, या डोंगरापलीकडे अणुभट्ट्यांत १९६० सालापासून जें जडपाणी वापरीत आले आहेत, तेंच त्या मृगांत सांपडलें आहे!”

साध्या हायड्रोजनहून दुप्पट वजनाच्या अणूस ड्यूटेरियम म्हणतात. अमेरिकन रसायनज्ञ युरी यांनीं तो १९३१ सालीं शोधिला. सूर्य ज्या वायूपासून झाला, त्यांत असा अणु सुमारें ५०,००० हायड्रोजन अणूंमागें एक होता; समुद्राच्या पाण्यांत मात्र तो सुमारें ६,४०० मागें एक आहे. ही वाढ कोठून आली? ताऱ्यांच्या जन्मापूर्वींच्या मेघांत उणें २६० अंशांची थंडी असते. तेथें जड अणु रेणूंत शिरतो, पण बाहेर पडण्यापुरती उष्णता त्यास मिळत नाहीं. चक्रव्यूहांतील अभिमन्यूच तो! म्हणून त्याचें प्रमाण ही पाण्याची जन्मपत्रिका होय.

मृगांतील व्ही ८८३ हा बालतारा सुमारें १,३०० प्रकाशवर्षें दूर आहे. त्याभोंवतीं वायु व धूळ यांची चकती फिरते. अशाच चकत्यांतून ग्रह घडतात. एरव्हीं तेथील पाणी बर्फरूपानें दडलेलें असतें. परंतु हा तारा भडकल्यामुळें त्याची वाफ झाली. चिलींतील आल्मा दुर्बिणींना त्या वाफेंत एका जड अणूचें पाणी आढळल्याचें २०२३ सालीं, व दोन्ही जड अणूंचें आढळल्याचें २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. प्रमाण थंड मेघांतल्यासारखेंच! अर्थात् तें पाणी ताऱ्याहून जुनें. आपल्या समुद्राचाहि कांहीं अंश असाच सूर्याहून वडील असावा, असें शास्त्रज्ञ मानतात.

आम्ही जन्मभर सूर्यास अर्घ्य देत आलों. देतां देतां ओंजळींतलेंच वडील निघालें!

आम्ही तांब्या उचलला. बाई लगबगीनें म्हणाल्या, “घाबरू नका, नलाचा पानी हाय.”

पाणी गोड होतें. परंतु एवढें पुरातन जल दारीं असतां एका घरधनिणीला त्याची हमी पाहुण्यास द्यावी लागावी, ही लाज पाण्याची नव्हे, आपली आहे.