दारचा उंबर

घरांतल्या माणसाशीं अबोला धरणारीं माणसें वाचकांनीं पुष्कळ पाहिलीं असतील. झाडाशीं अबोला धरणारा गृहस्थ मात्र क्वचितच आढळतो. आम्ही त्या दुर्मिळ वर्गांतले. आमच्या परसांतल्या उंबराकडे आम्हीं जवळजवळ दहा वर्षें सरळ नजरेनें पाहिलें नाहीं, आणि त्या अवधींत त्याचें एकदां वाईट करण्याचाहि प्रयत्न केला. ती हकीकत आतां सांगण्यास हरकत नाहीं. कारण ज्यांच्यापासून ती लपवावयाची होती त्यांना ती सारी ठाऊक होती, असें पुढें निष्पन्न झालें.

अंबरनाथच्या पूर्वेकडील आनंदनगराचें नांव काढलें म्हणजे लोकांस कारखाने आठवतात, आणि तें योग्यच आहे. वारा फिरला कीं रसायनांचा दर्प आमच्या माजघरापर्यंत येतो. ज्या गांवांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख मिरविणारें शिवालय उभें आहे त्याच गांवांत हा दर्पहि आहे, आणि दोन्ही गोष्टी आम्हीं सारख्याच निमूटपणें पत्करल्या आहेत. आमचें घर वसाहतीच्या कडेस आहे. मागें लांबट परसूं, त्यांत एक जुनी विहीर, दोन माड, कढीलिंब, पारिजातक आणि केळींचें बेट. घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. सर्वांत वडील थोरल्या वहिनी. दादा गेल्यावरहि घराच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेस राहिल्या, आणि आम्हां दोघां धाकट्यांपैकीं कोणासहि त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं.

२०१२ सालच्या पावसाळ्यांत विहिरीच्या कठड्याच्या भेगेंत एक रोप उगवलें. कोणा पांखराच्या विष्ठेंतून बीं पडलें असावें. वड, पिंपळ, उंबर यांची लागवड बहुधा अशीच बिनखर्चाची होत असते. विहिरीच्या बांधकामांत उंबर वाढूं देणें म्हणजे विहीर गमावणें, हें जाणून आम्हीं कोयता आणला. तोंच वहिनी ओटीवरून म्हणाल्या, "भावजी, उंबराला लोखंड लावूं नका. मुळांसकट काढून दुसरीकडे लावूं."

आमच्या घरीं मार्गशीर्षांत गुरुचरित्राचा सप्ताह असतो. त्यांतल्या एकोणिसाव्या अध्यायांत कथा आहे कीं, हिरण्यकशिपूच्या पोटांतील विषानें नरसिंहाच्या नखांचा दाह होऊं लागला, तेव्हां लक्ष्मीनें औदुंबराचीं फळें आणलीं, व त्यांत नखें रुतवतांच दाह शमला. ज्या घरांत ही कथा दरवर्षीं मोठ्यानें वाचली जाते तेथें उंबरावर कोयता उचलून उभें राहणें किती अवघड, हें वाचकांस सांगावयास नको. रोप निघालें. तें विहिरीपासून, घराच्या जोत्यापासून आणि संडासाच्या टांकीपासून जितकें दूर नेतां येईल तितकें दूर, म्हणजे ईशान्येच्या कोपऱ्यांत, लावण्यांत आलें.

आणि येथेंच आमचें बिनसलें. तो कोपरा आम्हीं बदलापुरी जांभळीसाठीं राखून ठेवला होता. बदलापूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तेथलें टपोरें, मांसल जांभूळ ज्यानें मे महिन्याच्या अखेरीस पानांच्या द्रोणांतून खाल्लें असेल त्यास आमचें दुःख समजेल. त्या जांभळास आतां भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. आमची जिव्हा हें मानांकन पुष्कळ आधींच देऊन बसली होती. एका स्नेह्यानें कलम देऊं केलें होतें, खड्डाहि खणून तयार होता. त्या खड्ड्यांत उंबर गेला. जें फळ कोणी ताटांत वाढीत नाहीं, फोडलें तर आंत किडे निघतात, त्या फळाचें झाड आमच्या जांभळीच्या जागीं उभें राहिलें!

वहिनींचे चिरंजीव नोकरीनिमित्त एडिंबरोस असतात. त्याच वर्षाच्या शेवटीं त्यानें आपल्या तेथल्या बागेंतल्या एका झाडाचें छायाचित्र मोबाइलवर पाठविलें. झाडाचें नांव रोवन. सफरचंदाच्या कुळांतलें हें लहानसर झाड, पानें कडुलिंबाच्या पानांची आठवण करून देणारीं, वसंतांत पांढऱ्या फुलांचे तुरे आणि शरदांत लालभडक फळांचे घोस. स्कॉटलंडांत पूर्वीं लोक हें झाड दाराशीं मुद्दाम लावीत, कां तर चेटकिणी व दुष्ट शक्ति उंबरठा ओलांडूं नयेत म्हणून. आणि तें तोडणें अशुभ मानीत. फळें माणसास कच्चीं खाववत नाहींत. परंतु हिंवाळ्याच्या तोंडाशीं कस्तुरासारखीं पांखरें त्यांच्यावर तुटून पडतात. वहिनींनीं सारें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा उंबरच कीं!" तें रोप इकडे आणतां येईल काय, असेंहि त्यांनीं विचारलें. त्याचें बीं एखादा हिंवाळा कडाक्याच्या थंडींत काढल्याशिवाय रुजतच नाहीं, शिवाय रोपें अशीं परदेशांतून परवान्यावांचून आणतां येत नाहींत, असें कळल्यावर त्यांनीं तो विषय सोडला. मात्र तेव्हांपासून त्या आपल्या झाडाबद्दल अशा कांहीं थाटानें बोलूं लागल्या कीं, जणूं दोन देशांतल्या दोन विहिणी एकमेकींच्या सुनांची चौकशी करीत आहेत.

उंबर वाढतो फार वेगानें. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूगर्भांतील पाण्याच्या खुणा सांगतांना ज्या वृक्षांची नांवें दिलीं आहेत त्यांत उदुंबरहि आहे. आमच्या उंबरास पाणी कोठून मिळालें तें तोच जाणे. सातव्या वर्षीं तो गच्चीच्या वर गेला. २०१९ च्या जुलैंत, ज्या पावसांत महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यांत अडकून पडली, त्या पावसानंतर त्याला पहिलीं फळें धरलीं. फळें फांद्यांच्या टोकांस नव्हेत, तर बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर घोसाघोसांनीं. पाहणारास वाटावें कीं झाडाला कांहीं तरी उठलें आहे.

आणि मग पाहुणे आले. दिवसा तांबट, कुटुरगे, बुलबुल, साळुंक्या, कोकिळा, खारी, रात्रीं वटवाघळें. वटवाघळांनीं शेजारच्या नव्या रंगविलेल्या भिंतीवर जी नक्षी काढली तिचें वर्णन कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत न करणेंच बरें. पिकलेलीं फळें खालीं पडून सडत. त्यांवर माशा बसत. फरशी दोन ठिकाणीं मुळांनीं उचलली. शेजारचे गृहस्थ सभ्य, पण त्यांनीं तीन वेळां येऊन सांगितलें, आणि तिसऱ्या वेळीं चहा घेतला नाहीं. धाकटे बंधु मोटार घेण्याच्या विचारांत होते. तिच्यासाठीं तोच कोपरा सोयीचा होता. आम्ही वरकरणीं तटस्थ राहिलों. मनांत मात्र जांभळीचा खड्डा अजून बुजला नव्हता.

२०२१ च्या मे महिन्यांतल्या एका रात्रीं, सारें घर निजल्यावर, आम्हीं गिरमिटानें उंबराच्या बुंध्यास तीन भोंकें पाडलीं आणि त्यांत हिंग भरला. हिंगानें झाड वाळतें, असें लहानपणापासून ऐकत आलों होतों. पदवीधर माणसानें, साठी उलटल्यावर, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून, विजेरी दांतांत धरून हें कर्म केलें! उंबराचें एक पानहि पिवळें पडलें नाहीं. आम्हीं तें हिंगाच्या भेसळीवर ढकललें.

त्याच पावसाळ्यांत वहिनी न्हाणीघरांत घसरून पडल्या आणि खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलें, परंतु परसांत हिंडणें संपलें. त्यांची खाट मागच्या खोलींत, खिडकीशीं लावली. पुढल्या वर्षीं झाडाचा प्रश्न पुन्हां निघाला. आपल्या स्वतःच्या जागेंतलेंहि झाड नागरी हद्दींत परवानगीवांचून तोडतां येत नाहीं; १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणें वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. घरांत लेखनिकाचें काम नेहमीं आमच्याकडे. आम्हीं अर्ज लिहिला, चांगला लिहिला. उचललेली फरशी, आरोग्यास उपद्रव, टांकीस संभाव्य धोका, सारें क्रमवार मांडलें. वहिनींस धाकट्या बंधूंनीं सांगितलें. त्या एवढेंच म्हणाल्या, "तुम्ही दोघे मिळून ठरवाल तें खरें." या वाक्याला उत्तर नसतें, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

अर्ज द्यावयाच्या आदल्या दिवशीं वाण्याच्या हिशेबांत कांहीं घोळ निघाला, म्हणून आम्हीं वहिनींची वाणसामानाची वही मागून घेतली. ती वही त्या खाटेवरूनहि लिहीत असत. तेलाचा आंकडा शोधतां शोधतां नजरेस पडलें: "५ जानेवारी. साखर २ किलो. हळद्या २, नर. तूरडाळ संपली." पुढें: "९ जानेवारी. पोहे. आज हिरवीं कबुतरें, हरियाल, ११. कालपेक्षां ४ जास्त." आम्ही पानें मागें उलटूं लागलों. तीन वर्षांचा हिशेब होता. हरभऱ्याच्या डाळीशेजारीं तांबट, साबणाशेजारीं कोकिळेची मादी. पुतणीनें कधींतरी वाचनालयांतून मारुति चितमपल्ली यांचा पक्षिकोश आणला होता. त्यांतून पाहून नांवें दुरुस्त केलेलीं दिसलीं. कोणत्या महिन्यांत फळ धरलें, किती दिवसांत पिकलें, हेंहि होतें. आणि मे २०२१ च्या पानावर होतें:

"हिंग ५० ग्रॅम. एरवीं १० लागतो. उंबराच्या बुंध्याशीं वास येतो. भोंकें धुतलीं. पाणी ६ बादल्या. भावजींना विचारूं नये."

सहा बादल्या! त्या वेळीं त्यांचें वय चौऱ्याहत्तर होतें, आणि विहिरीपासून तो कोपरा बराच लांब आहे. आम्ही वही मिटून पुष्कळ वेळ तसेच बसलों. तेलाचा आंकडा सांपडला नाहीं.

अर्ज आम्हीं दिला नाहीं. बंधूंस कारण सांगावें लागलें, तें सांगितलें; ते आधीं पोट धरून हंसले आणि मग गप्प झाले. मोटार आतां पुढच्या फाटकाशीं उभी असते व तिच्यावर माडाचीं झांवळें पडण्याची भीति आहे, हें गाऱ्हाणें ते अधूनमधून मांडतात. उचललेली फरशी काढून टाकून झाडाभोंवतीं माती मोकळी केली. शेजाऱ्यांच्या भिंतीवर वांकलेल्या एका फांदीसाठीं मात्र रीतसर परवानगी काढली आणि ती छाटविली. रोज सकाळीं पडलेलीं फळें झाडून खतखड्ड्यांत टाकण्याचें काम आमचें; तें आम्हीं आपण होऊन मागून घेतलें. शेजारचे गृहस्थ पूर्णपणें शांत झाले आहेत असें नाहीं. त्या बाजूची त्यांची खिडकी फळांच्या दिवसांत बंद असते. परंतु चहा घेतात.

झाडून झाडून त्या फळाविषयीं आमचें कुतूहल वाढलें. ज्यास आपण फळ म्हणतों तें फुलांचें मिटलेलें घर आहे. शेंकडों बारीक फुलें आंतल्या बाजूस. तोंडाशीं एक सुईच्या अग्राएवढें दार. त्यांतून केंबराची मादी इतक्या चिंचोळ्या वाटेनें आंत शिरते कीं तिचे पंख तुटून पडतात. ती फुलांवर परागकण टाकते, कांहीं फुलांत अंडीं घालते आणि तेथेंच मरते. तिच्या मुलग्यांना पंखच नसतात. ते आंतून बाहेर पडण्याची वाट कोरतात आणि बहुधा बाहेरचें जग न पाहतांच संपतात. मुली त्या वाटेनें, अंगावर पराग घेऊन, दुसऱ्या उंबराच्या शोधांत उडतात. त्यांच्या हातीं एकदोन दिवसांचेंच आयुष्य असतें. सगळे उंबर एकाच वेळीं फळत नाहींत, म्हणूनच हा वंश टिकतो, आणि म्हणूनच पांखरांनाहि बारमहा कोठें ना कोठें पिकलेलें फळ मिळतें. आमची जांभळी वर्षाकांठीं जेमतेम महिनाभर फळती. हें आम्ही वहिनींजवळ बोललों तेव्हां त्या म्हणाल्या, "जांभळीला अजून जागा आहे, भावजी. न्हाणीच्या पाटापलीकडे." गेल्या आषाढांत तेथें कलम लावलें. त्यास पांच पानें आहेत.

मागल्या महिन्यांत एडिंबरोहून नात मोबाइलवर दिसली. त्यांच्या रोवनवर आतां एकहि फळ उरलें नाहीं, पक्ष्यांनीं सारें नेलें, अशी तिची बातमी होती. मग तिनें विचारलें, "आजी, बाबा म्हणतात उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. खरं का?" वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही परसांत गेलों, एक टच्च पिकलेलें फळ आणलें. वहिनींनीं तें दोन्ही अंगठ्यांनीं उकलून मोबाइलपुढें धरलें. आंतून दहापंधरा केंबरें भुरकन उडालीं. एक थेट कांचेवर जाऊन बसलें, आणि पलीकडून आनंदाची एक किंकाळी आली.