मुठीतला जोंधळा

दसरा उलटून साखर कारखान्यांच्या भोंग्यांना पुन्हा कंठ फुटला, म्हणजे कळंबच्या शिवारात बीड-नगरकडच्या ऊसतोड्यांच्या गाड्या उतरू लागतात, आणि ज्या दिवसांत आमच्या घरांतून भाजणीचा खमंग वास दरवळत असतो नेमक्या त्याच दिवसांत, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी घरदार मागे टाकून आलेली ही माणसे पाचटाच्या कोप्या उभारण्यात गुंतलेली असतात. यंदा अशाच एका कोपीवर फराळाचे ताट धाडण्याची तजवीज चालली असता, सुटीसाठी आलेल्या माझ्या नातीने मध्येच विचारले, "आजोबा, कोपीतल्या मुलीला काय आवडतं ते विचारून येऊ?" आणि उत्तराची वाट न पाहता ती बांधावरून धावत सुटली. परतली ती निरोप घेऊनच : गोड नको, चिवडा हवा, आणि शेव तिखट असेल तर तीही.

उसाच्या फडात ज्या पोरीचा दिवस उजाडतो आणि मावळतो, तिला गोडाचे अप्रूप ते काय असणार! नीरेच्या डाव्या कालव्याने हा मुलूख ओलिताखाली आणला, पुढे शेठ वालचंद हिराचंदांनी कळंबच्या भूमीवर साखर कारखाना उभारला व त्याच्याभोवती वालचंदनगर वसले, तिकडे भवानीनगरला सहकारी कारखाना निघाला. या साऱ्या समृद्धीत परमुलखातून आलेल्या कोयत्यांचा वाटा आहे, आणि त्यामुळे कोपीवर गेलेल्या चिवड्याला उपकार हे नाव देणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

देण्याची गोडी मुलांना हाताने लावावी लागते, हे माझे मत माझ्या आजीमुळे बनले. सुगी आटोपून खळी मोकळी झाली की भल्या पहाटे वासुदेव येई. धुक्यातून आधी चिपळ्यांचा नाद, मग पाव्याची एखादी लकेर, आणि त्यानंतर ती मोरपिसांची निमुळती उंच टोपी, पायघोळ अंगरखा आणि कमरेचा शेला असे ते सगळे ध्यान अंगणात अवतरे. आजी तोवर सूप घेऊन उंबऱ्यावर आलेली असे. परंतु त्या सुपातील जोंधळ्याला तिने स्वतः कधी हात लावल्याचे मला स्मरत नाही. झोपेतून उठवलेल्या मला ती पुढे करी आणि म्हणे, "तुझ्या मुठीनं घाल रे बाळा, माझी मूठ नको." माझी मूठ ती केवढी! निम्मे दाणे बोटांच्या फटींतून पायरीवर सांडत, आणि मी ओशाळून तिच्याकडे पाही, तर ती मजकडे न पाहता वासुदेवाच्या मुखाकडे पाहत असे. मग तो गिरकी घेई आणि दान पावल्याची ग्वाही देत एकेका देवाचे नाव घेऊ लागे : पंढरीचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई. गावाची शीवही ज्याने धड ओलांडली नव्हती अशा त्या पोराच्या मुठीतला जोंधळा क्षणार्धात एवढ्या ठिकाणी पोहोचे, आणि मी डोळे मिटून त्याचा प्रवास पाहत राही. नीरा ओलांडून, जेजुरीच्या पायऱ्या चढून, चंद्रभागेच्या वाळवंटातून. पुढे भूगोलाच्या तासाला नकाशावर ही गावे दिसली तेव्हा ती मला परकी वाटली नाहीत. तिथे माझे काहीतरी आधीच जाऊन पोहोचले होते. वासुदेव निघून गेल्यावर आजी पायरीवर सांडलेले दाणे गोळा करू देत नसे. ते चिमण्यांचे, एवढेच ती म्हणे.

सणासुदीला मुलांच्या हाती नकोशी झालेली खेळणी आणि विटके कपडे देऊन, छायाचित्रासाठी त्यांना ओळीने उभे करण्याचा जो रिवाज अलीकडे पडला आहे, तो मला मनापासून अप्रिय आहे. जे टाकायचेच होते ते दिल्याने मुलाला अडगळ काढण्याचे समाधान मिळेल. देण्याचे सुख मिळावयास, देताना जिवाला थोडी ओढ लागावी लागते. शिवाय घेणाऱ्याचे तोंड दिसले पाहिजे, त्याच्याशी दोन शब्द बोलता आले पाहिजेत.

देणे लहान असण्याला मात्र माझी काडीमात्र हरकत नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाकाठी एक पैसा मागत पैसा फंड उभारला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्यातून 1908 साली आमच्याच जिल्ह्यात तळेगावला काचेचा कारखाना निघाला. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी दिवाळीत भाऊबीज निधी गोळा करण्याचा शिरस्ताही असाच. मुलींच्या शिक्षणासाठी साऱ्या समाजाने भाऊ व्हावे आणि आपापली ओवाळणी त्या तबकात घालावी, ही कल्पनाच मला अत्यंत लोभस वाटते. भाऊबीजेला भावाला ओवाळल्यावर नातीच्या तबकात जे पडले, त्यातून तिलाही काही त्या निधीला धाडायचे आहे. किती, ते तिचे तिने ठरवावे. पाकिटात तिनेच घालावे. आणि पावती आपल्या नावाची नको, माझ्या आजीच्या नावाची हवी असा जो हट्ट तिने कालपासून धरला आहे, तोही तसाच पुरवावा, असे मी सुनेला सांगून ठेवले आहे.