नातवंडासोबत एम्प्रेस गार्डनमध्ये

पुण्यात रेसकोर्सजवळ सुमारे ३९ एकरांवर एम्प्रेस गार्डन पसरलेले आहे. जानेवारीतील पुष्पप्रदर्शनामुळे ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु नातवंडाचा हात धरून जायचे, तर गर्दी नसलेली एखादी साधी सकाळ निवडावी.

तीन वर्षांचे मूल सरळ चालत नाही. ते थांबते, वाकते, मागे वळते. घाईत असलेल्या आईवडिलांना याचा खोळंबा वाटतो. तुमच्या गुडघ्यांना मात्र हीच चाल मानवते. मुलाचे शिकणेही याच चालीने होते. येथील गारंबीच्या महाकाय वेलापाशी ते बोट दाखवून “हे काय?” असे विचारते. तुम्ही “वेल” म्हणता आणि समोरच्या वस्तूशी शब्दाची गाठ पडते. घरच्या कुंडीतला वेल बोटाहून बारीक, हा केवढा जाड! वालाची शेंग बोटभर, गारंबीची मीटरभर वाढणारी! लहान-मोठे, जाड-बारीक या कल्पना अशा तुलनेतून पक्क्या होतात. जमिनीवर आलेली मुळे ओलांडताना शरीर तोल सांभाळायला शिकते.

तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि पडद्यासमोर एक तासाहून अधिक बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पासष्टीपुढील व्यक्तींसाठी तिची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची आहे. रमतगमत केलेला फेरफटका तेवढा व्यायाम ठरत नसला, तरी बैठी सकाळ त्याने नक्कीच टळते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. मूल दमले तरी त्याला कडेवर घेऊ नका. जवळच्या बाकावर दोघेही बसा. एका हातात काठी असेल, तर धावत्या मुलामागे जाण्यासाठी तिसरे कुणी सोबत असू द्या. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये व खिशात साखर ठेवावी. कोणत्याही बागेत मुलाला अनोळखी फळ किंवा बी तोंडात घालू देऊ नका. गुंजेचे लालचुटूक बी चावले गेल्यास जिवावर बेतू शकते. तसे झाल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

घरी परतल्यावर हात धुता धुता विचारा, “आज आपण काय काय पाहिले?” उत्तराची घाई करू नका. आठवून सांगणे हाही त्या फेरफटक्याचाच भाग आहे, तुमच्यासाठीही.