फिरत्या घराचें न्हाणीघर

प्रवासाची खरी कसोटी प्रस्थानाच्या दिवशीं लागत नाहीं; ती लागते दुसऱ्या दिवशीं पहांटे, स्नानाच्या वेळीं. जेवण कोठेंही मिळतें, झोंप कशीही लागते. परंतु वृद्ध माणसाला थंडींत बादलीभर ऊन पाणी मिळालें नाहीं, तर त्याचा उत्साह तेथेंच मावळतो. आमच्या वहिनींचा प्रवास याच एका कारणानें कित्येक वर्षें बंद होता. वय अठ्ठ्याहत्तर; स्नान व देवपूजा झाल्यावांचून चहाचा घोटही न घेण्याचा नेम; आणि संधिवातामुळें गार पाणी वर्ज्य.

हल्लीं ज्याला कॅम्पर व्हॅन म्हणतात, तें चाकांवरचें घर आमच्या पुतण्यानें सिद्ध केलें, तेव्हां वहिनींनीं एवढेंच विचारलें, “भावोजी, यांत न्हाणीघर कोठें आहे?” पुढील सर्व खटाटोप या प्रश्नाच्या उत्तरासाठीं झाला.

प्रथम विजेचा विचार झाला. पंधरा लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यावयाचें, तर ३७५ किलोकॅलरी उष्णता हवी. गाडींतील १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सांठा एका स्नानांतच खर्ची पडेल! तेंच काम स्वयंपाकाचा गॅस, चतुर्थांश उष्णता वायां गेली असें धरूनही, सुमारें ४५ ग्रॅममध्यें करतो. म्हणजे पांच किलोंच्या टाकीवर शंभरावर स्नानें होतात. हिशेब असा स्पष्ट झाल्यावर गॅसचा गीझर आला.

आमच्या लहानपणच्या तांब्याच्या बंबांत मध्यें विस्तव व भोंवतीं पाणी असे. येथें उलट प्रकार आहे: ज्योतीवर तांब्याच्या नळीचें वेटोळें असतें आणि त्यांतून पाणी धांवतें. गाडीखालच्या टाकींतून लहानसा पंप पाणी ढकलतो. प्रवाह पुरेसा झाला कीं ज्योत आपोआप पेटते, व थांबला कीं विझते.

हें यंत्र मात्र गाडीच्या आंत नव्हे, मागील दाराबाहेर लोखंडी चौकटीवर टांगलें आहे. गॅस जळतांना हवा अपुरी पडली, तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, गंध नाहीं. तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणूस सावध होण्यापूर्वींच बेशुद्ध पडतो. बंद न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरनें असे कित्येक बळी घेतले आहेत.

पौषांत आम्ही सर्व मंडळी नाशिकहून घोटीमार्गें भंडारदऱ्यास गेलों. एका बाजूस १६४६ मीटर उंचीचें कळसूबाई, राज्यांतील सर्वोच्च शिखर; दुसरीकडे रतनगड, ज्याच्या परिसरांत प्रवरा उगम पावते. तिच्यावरील विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयापासून दूर एका शेतकऱ्याच्या परवानगीनें त्याच्या माळावर मुक्काम केला.

पहांटे वारा झोंबत होता. ज्योत दोनदां विझली. नातू म्हणाला, “आबा, गीझर आंत घेऊं या ना!” पुतण्यानें ठाम नकार दिला. त्यानें गाडीच आडवी लावून वारा अडविला, कनात ताणली, टाकीची झडप उघडली. तिसऱ्या खेपेस ज्योत टिकली आणि बादलींतून वाफ निघूं लागली. वहिनी कनातीआड गेल्या. थोड्या वेळानें आंतून स्तोत्राचे स्वर ऐकूं आले, तेव्हां पुतण्याचा चेहरा उजळला.

साबणाचें पाणी खड्ड्यांत सोडलें. कारण हीच प्रवरा पुढें गांवोगांवची तहान भागवीत प्रवरासंगमास गोदावरीला मिळते. वरच्यानें मलिन करावें आणि खालच्यानें प्यावें, हा कोठला धर्म?

त्या दिवशीं वहिनींनीं रतनवाडीच्या अमृतेश्वराचें दर्शन घेतलें. प्राचीन शिल्पें पाहतांना त्यांनीं गुडघ्यांची तक्रार एकदांही केली नाहीं. ज्यांच्या घरीं वडीलधारीं माणसें प्रवासाला “नको” म्हणतात, त्यांनीं त्या नकाराचें कारण एकदां शांतपणें विचारून पाहावें. पुष्कळदां तें बादलीभर ऊन पाण्याएवढेंच असतें.